पंखांवाचूनचा प्रवास

बोरी अरब गावच्या काळ्या जमिनीत कपाशीच्या पानांच्या कडा कुरतडणारा करडा सोंडकिडा कास्तकारांच्या परिचयाचा आहे. परंतु ज्या आखूड सोंडेच्या विशाल उपकुलात त्याची गणना होते, त्यातील असंख्य जातींनी उड्डाणशक्तीच गमावली आहे, हे क्वचितच लक्षात येते. अशा जातींत पाठीवरची कठीण पक्षकवचे परस्परांस सांधली जाऊन त्यांखालचे पंख क्षीण होतात. त्यांच्या पादहीन अळ्या भूमीत मुळांवर उपजीविका करतात. खरे नवल असे, की काही जातींत नरावाचूनही वंश चालतो. त्यामुळे रोपाच्या मुळाशी लागलेल्या मातीतून गेलेली एकच अळी पुढे नव्या मुलखात वसाहत उभारू शकते. भारतातील या सोंडकिड्यांचे साक्षेपी दप्तर कीटकशास्त्रज्ञ गाय मार्शल यांनी १९१६ साली ग्रंथरूपाने सिद्ध केले.