बाणकोट ते हर्णै, व्हाया शूटर्स हिल

लंडनच्या आग्नेयेला शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर दाट झाडीत एक तिकोनी मनोरा उभा आहे. उंची 63 फूट, तिन्ही कोपऱ्यांना षट्कोनी बुरूज, खिडक्या गॉथिक धाटणीच्या. नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. हा सेव्हर्नड्रूग म्हणजे आपल्या हर्णैचा सुवर्णदुर्ग, हे कळल्यापासून या मनोऱ्याने माझा पिच्छा सोडलेला नाही. तिकडे राहणाऱ्या भाचीने प्रवेशद्वारावरच्या शिलालेखाचा फोटो पाठवला आणि मी तो इतक्यांदा वाचला, की घरच्यांनी त्याबद्दल विचारणंही सोडून दिलं.

लेख 1784चा. सर विल्यम जेम्स यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराचे प्रमुख असताना पूर्वेकडच्या समुद्रात पराक्रम गाजवले, विशेषतः मलबार किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रूग 2 एप्रिल 1755 रोजी जिंकला, त्याचं हे स्मारक, असा त्याचा आशय. शौर्य जेम्सचं, कौशल्यही जेम्सचंच. पेशव्यांचा उल्लेख नाही. किल्ला कोणाकडून घेतला, त्या तुळाजी आंग्र्यांचाही नाही. हर्णै मलबारात ढकलली गेली ती वेगळीच, पण त्या काळचे इंग्रज अख्ख्या पश्चिम किनाऱ्यालाच मलबार म्हणत, तेव्हा तेवढं सोडून देऊ.

हा लेख डोक्यात ठेवून बाणकोट ते हर्णै हा किनारा मी पायी केला. वाट अशी आखलेली नाही. कुठे पुळण, कुठे जांभ्याचा सडा, कुठे डांबरी रस्ता, आणि खाडी आडवी आली की पूल नाहीतर होडी. सावित्रीच्या मुखावरचा बाणकोटचा किल्ला, मग वेळास, केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, आणि शेवटी हर्णै. वेळास हे नाना फडणविसांचं मूळ गाव, हल्ली कासवांमुळे जास्त ठाऊक. त्याबद्दल इतकं लिहून झालंय, की मी भर घालत नाही. केळशीची वाळूची टेकडी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी अभ्यासली आहे. तिच्या पोटातल्या थरांवर एक स्वतंत्र लेख होईल. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीची पाखाडी चढावी आणि देवळाच्या आवारातून दक्षिणेकडे बघावं. जोग नदीची खाडी, पलीकडे हर्णै, आणि समुद्रात बसलेला सुवर्णदुर्ग. 1755 समजून घ्यायला याहून चांगला नकाशा नाही.

मागची हकिकत वाचकांना ठाऊक आहेच. कान्होजींच्या पश्चात आंग्र्यांच्या घरात फूट पडली. कुलाब्याला मानाजी, विजयदुर्गाला तुळाजी. तुळाजी आरमारात बापाच्या तोडीचे होते. 1749मध्ये त्यांनी कंपनीचं ‘रिस्टोरेशन’ हे जहाज धरलं, 1754मध्ये डचांच्या तीन जहाजांशी झुंजून दोन जाळली आणि एक पकडलं. पण पेशव्यांना ते जुमानत नव्हते, आणि नानासाहेबांना सरदाराने जुमानलं नाही तर चालत नसे. 19 मार्च 1755ला पेशव्यांचे कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव आणि मुंबईकर इंग्रज यांच्यात करार झाला: समुद्र इंग्रजांनी सांभाळायचा, जमीन मराठ्यांनी, आणि तुळाजींचे किल्ले घ्यायचे.

पुढची हकिकत मुख्यतः रॉबर्ट ऑर्मच्या ग्रंथातून येते. ग्रंथाचा पहिला खंड 1763चा, म्हणजे घटनेनंतर आठ वर्षांतला. ऑर्म कंपनीचा माणूस. त्यामुळे मराठ्यांबद्दल तो जे लिहितो ते चिमूटभर मीठ बाजूला काढूनच चाखावं. पण त्याची नजर बारीक आहे. जेम्सकडे ‘प्रोटेक्टर’ हे 44 तोफांचं जहाज, सोबत तीन लहान जहाजं, आणि मदतीला मराठ्यांच्या 7 गुराबा आणि 60 गलबतं. मराठ्यांची माणसं जेवायला किनाऱ्यावर उतरत, आणि त्यात वेळ जाई, ही ऑर्मची तक्रार. तुळाजींचं आरमार सुवर्णदुर्गाच्या आश्रयाला होतं. ते बाहेर पडून दक्षिणेकडे पळालं. वारा पडलेला. ऑर्म सांगतो, की त्यांनी जहाजांवरचं अडगळीचं सामान समुद्रात फेकलं, होती नव्हती ती शिडं चढवली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून अंगावरचे कपडे, गोधड्या, डोक्यावरची पागोटी काठ्यांवर ताणून वाऱ्याला धरली. पागोट्यांची शिडं! तुळाजींच्या खलाशांबद्दल मी जेवढं वाचलं, त्यात माझ्या मनात ठसलेलं चित्र हेच. ते निसटले. जेम्स परत फिरला.

परत येऊन बघतो तर रामाजीपंतांनी हर्णैच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यांना वेढा घातला आहे, पण तोफ एकच, चार पौंडी, तीही दोन मैलांवरून. आणि सैन्य हनुवटीपर्यंत खड्ड्यांत उतरून बसलेलं. हा ऑर्मचा शब्दशः नाही तरी आशय. मला हा प्रसंग रंगवलेला वाटतो. एवढं मात्र खरं, की रामाजीपंतांकडे मोठ्या तोफा नव्हत्या, आणि मुंबईहून जेम्सला स्पष्ट हुकूम होता: जहाजं धोक्यात घालू नयेत, बंदराची नाकेबंदी करावी, हल्ला मराठ्यांना करू द्यावा. जेम्सने हुकूम मोडला.

इथे हर्णैच्या भूगोलाकडे यावं लागतं. किनाऱ्याला तीन किल्ले: कनकदुर्ग, ज्यावर आज दीपगृह आहे, फत्तेगड, ज्यावर कोळ्यांची वस्ती आहे, आणि रस्त्यालगतचा गोवा किल्ला. समोर बेटावर सुवर्णदुर्ग, मधली पट्टी हाकेच्या अंतराची. दुपारी मासळीचा लिलाव चालू असतो तेव्हा त्या गर्दीत, टोपल्या आणि बर्फाच्या चिखलात उभं राहिलं तरी बेटाच्या तटाचे दगड वेगळे दिसतात. होडीने पलीकडे गेलं की तट खालून बघायला मिळतो. खालचा भाग कातळ तासून केलेला, वर प्रचंड चिरे रचलेले. दरवाजा किनाऱ्याच्या तोंडाचा, बुरुजांच्या आडोशाला असा बसवलेला, की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. तिथे भिंतीवर मारुती आणि पायरीवर कासव कोरलेलं आहे.

2 एप्रिलला जेम्सने समुद्राच्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडून तोफा डागल्या. ऑर्मच्याच सांगण्यावरून, त्याने काही साधलं नाही. रात्री किल्ल्यातून फुटून आलेल्या एका माणसाने सांगितलं, की त्या बाजूला भिंत अशी नाहीच, अखंड खडक आहे, तिथे खिंडार पडायचं नाही. दुसऱ्या दिवशी ‘प्रोटेक्टर’ बेट आणि किनारा यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात शिरलं. एका अंगाच्या तोफा सुवर्णदुर्गावर, दुसऱ्या अंगाच्या गोवा किल्ल्यावर. डोलकाठ्यांवरून बंदुका चालत होत्या. दुपारी एका गोळ्याने किल्ल्यातलं गवती छपराचं घर पेटलं, आग विझवायला कोणी पुढे येऊ शकलं नाही, आणि ती दारूकोठारापर्यंत गेली. स्फोट झाला. बायकामुलांसह लोक होड्यांतून निसटायला निघाले, ते अडवले गेले. पुढे किनाऱ्यावरचे किल्लेही पडले. 8 एप्रिलला बाणकोट गोळी न झाडता हाती आला.

म्हणजे शिलालेखावरची 2 एप्रिल ही तारीख, ज्या दिवशी जेम्सचे गोळे खडकावर फुकट गेले त्या दिवसाची आहे. किल्ला पडला तो नंतर, एका फितुराच्या सांगण्यावरून आणि एका गवती छपरामुळे. किनाऱ्याच्या बाजूने आंग्र्यांना कुमक येऊ नये म्हणून रामाजीपंतांचं सैन्य बसलेलं नसतं, तर त्या चिंचोळ्या पाण्यात दोन किल्ल्यांच्या माऱ्यात शिरणं हा वेडेपणा ठरला असता. जेम्स धाडसी होता, यात वाद नाही. एकटा नव्हता, एवढंच.

सुवर्णदुर्ग करारानुसार त्याच वर्षी पेशव्यांकडे गेला. बाणकोट मात्र इंग्रजांनी सोडला नाही, फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव देऊन ठेवून घेतला, आणि 1756च्या तहात तो त्यांचा झाला. का? ऑर्म एक कारण देतो, जे आपल्या इतिहासांत फारसं येत नाही: मुंबईला गोमांसाचा पुरवठा. मराठी मुलखात गुरं मिळणं कठीण, बाणकोटच्या आसपास मुसलमान वस्ती असल्याने ती मिळत. गोब्राह्मणप्रतिपालक म्हणवणाऱ्या राज्याने आपल्याच सरखेलाचा काटा काढताना इंग्रजांना खाटिकखान्याची सोय करून दिली, हे मला नानासाहेबांवरच्या सगळ्या टीकेपेक्षा बोचरं वाटतं. 1756च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, आंग्र्यांचं आरमार जळालं, आणि तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

जेम्स मायदेशी गेला, संसदेत बसला, कंपनीच्या संचालकांत गेला, बॅरोनेट झाला. 1783च्या डिसेंबरात, मुलीच्या लग्नाच्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. मनोरा बांधला त्याच्या विधवेने, ॲन जेम्सने; आराखडा कंपनीच्या सर्वेक्षक रिचर्ड जपचा. ही बाई मला तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त खेचते. लंडनच्या जेरार्ड स्ट्रीटवरच्या तिच्या घरी ‘ट्रिस्ट्रम शँडी’चा लेखक लॉरेन्स स्टर्न येत असे, आणि तिथेच 1767च्या आरंभी त्याची गाठ पडली एलायझा ड्रेपरशी. एलायझा मुंबईतल्या कंपनीच्या अधिकाऱ्याची बायको, जन्म केरळातल्या अंजेंगोचा. स्टर्न तिच्यासाठी वेडा झाला. ती त्याच वर्षी मुंबईला परतली. मार्च 1768मध्ये मृत्युशय्येवरून स्टर्नने अखेरचं पत्र लिहिलं ते ॲनला, आपल्या मुलीला सांभाळ म्हणून. एलायझाने 1772मध्ये मुंबईहून मन मोकळं करणारं लांबलचक पत्र लिहिलं, तेही ॲनलाच. पुढच्या वर्षी ती माझगावच्या बंगल्यातून एका आरमारी अधिकाऱ्याबरोबर पळून गेली; खिडकीतून दोरीने उतरली, अशी कथा आहे.

माणसं मरताना आणि पळून जायच्या आधी जिला लिहीत, त्या बाईचं नाव शूटर्स हिलच्या दगडावर नाही. कै. सर विल्यम यांच्या प्रतिनिधीने बांधलं, एवढंच तिथे कोरलं आहे. पुढे जनरल रॉयने इंग्लंड-फ्रान्सच्या मोजणीत हा मनोरा वापरला. आज तो लंडनभोवती फिरणाऱ्या पायवाटेवर लागतो आणि चालणारे तिथे चहाला थांबतात.

हर्णैला परत यायचं तर 1802मध्ये. हडपसरला होळकरांकडून मार खाल्ल्यावर नानासाहेबांचा पुतण्या दुसरा बाजीराव महाडमार्गे पळाला तो सुवर्णदुर्गावर, आणि किनाऱ्यावरून इंग्रजांच्या जहाजाने वसईला गेला. 31 डिसेंबरला त्याने तिथे तहावर सही केली. किल्ल्यात आता पाण्याची टाकी, पडकी जोती आणि झाडोरा आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात, एरवी हर्णै बंदरावर विचारलं की कोणीतरी नेतं. भरती-ओहोटीचं गणित त्यांच्यावर सोडावं आणि तटाला पश्चिमेकडूनही एक फेरी मारायला सांगावी. जेम्सचे पहिल्या दिवसाचे गोळे ज्यावर आपटले, तो खडक त्या बाजूला आहे.