हेडफोन आधी, अ‍ॅम्प नंतर: एका खरेदीचं गणित

चांगले हेडफोन घ्यायचा विचार संशोधनाच्या पहिल्या वर्षात बऱ्याच जणांच्या मनात येतो. कुणाला मुलाखतींची ध्वनिमुद्रणं उतरवून काढायची असतात, कुणाला रात्री लॅबमध्ये गाणी ऐकायची असतात, आणि आमच्यासारख्या वाक्‌ध्वनीवर काम करणाऱ्यांना तर ते उपकरण म्हणूनच लागतात. खरेदीला निघालात की कुणीतरी हमखास सांगतं, "एवढे भारी हेडफोन घेताय, मग त्याला साजेसा अ‍ॅम्प नको का?" इथून पुढे बोलणं 'मोकळा आवाज', 'उबदार आवाज' अशा शब्दांत शिरतं आणि महिन्याभराचा स्टायपेंड पणाला लागतो.

यातला अर्धा प्रश्न शुद्ध आकडेमोडीचा आहे. तो दहा मिनिटांत सुटतो. उरलेला अर्धा प्रयोगाने सोडवायचा आहे. दोन्हींची गल्लत करू नका, एवढंच माझं म्हणणं.

आधी आकडेमोड. हेडफोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: इम्पिडन्स आणि सेन्सिटिव्हिटी. इम्पिडन्स ओहममध्ये असतो, त्यात घोळ नाही. घोळ आहे सेन्सिटिव्हिटीत, कारण ती दोन वेगवेगळ्या एककांत देतात आणि कधीकधी एकक छापतच नाहीत. एक पद्धत म्हणजे १ मिलिवॉट शक्ती दिली तर किती डेसिबल आवाज येतो. दुसरी म्हणजे १ व्होल्ट दिला तर किती येतो.

खरं उदाहरण घेऊ. सेनहायझर एचडी ६५० हा जुना, नावाजलेला हेडफोन: ३०० ओहम, १ व्होल्टला १०३ डेसिबल. हायफायमॅन एचई-६ हा प्लेनर पद्धतीचा, म्हणजे पातळ पडदा चुंबकांच्या मध्ये हलणारा: ५० ओहम, १ मिलिवॉटला साधारण ८३.५ डेसिबल. दोन आकडे शेजारी ठेवले तर फरक दिसतो १९.५ डेसिबलचा. पण ही वजाबाकी म्हणजे किलोतून लिटर वजा करणं झालं.

एककं सारखी करून घ्या. १००० ला इम्पिडन्सने भागा, उत्तराचा १० पायाचा लॉग घ्या, त्याला १० ने गुणा. जे येईल ते मिलिवॉटच्या आकड्यात मिळवलं की व्होल्टचा आकडा मिळतो. ५० ओहमसाठी हे येतात १३, म्हणजे एचई-६ ला १ व्होल्टवर ९६.५ डेसिबल. ३०० ओहमसाठी येतात ५.२, म्हणजे एचडी ६५० ला १ मिलिवॉटवर ९७.८ डेसिबल. आता बघा: व्होल्टच्या हिशेबात फरक फक्त ६.५ डेसिबलचा, आणि मिलिवॉटच्या हिशेबात तब्बल १४.३ चा. दोन्ही बरोबर. कारणही साधं आहे: १ व्होल्टवर ५० ओहमचा हेडफोन २० मिलिवॉट ओढतो, ३०० ओहमचा जेमतेम ३.३.

आता विचारा, मला किती आवाज हवा आहे? संगीतातली क्षणिक शिखरं ११० डेसिबलपर्यंत विनाअडथळा जावीत असं धरू. ही भरपूर सढळ मर्यादा आहे. एचडी ६५० ला त्यासाठी लागतात सुमारे २.२ व्होल्ट, ७.५ मिलिअँपिअर, १७ मिलिवॉट. एचई-६ ला लागतात ४.७ व्होल्ट, ९५ मिलिअँपिअर आणि जवळपास ४५० मिलिवॉट. व्होल्टेज दुपटीहून थोडं जास्त, पण करंट बारा-तेरा पट!

"जास्त ओहम म्हणजे चालवायला अवघड" हे जे सर्रास ऐकू येतं, ते इथेच कोसळतं. ५० ओहमचा हेडफोन ३०० ओहमच्यापेक्षा कितीतरी जड निघाला. जास्त ओहमचा हेडफोन व्होल्टेज मागतो, कमी सेन्सिटिव्हिटीचा प्लेनर करंट मागतो. अ‍ॅम्पच्या खोक्यावरचा एकच मोठा वॉटचा आकडा म्हणूनच अपुरा असतो. तो किती ओहमवर मोजला आहे ते बघा. ३२ ओहमवर १ वॉट देणारा अ‍ॅम्प ३०० ओहमवर सारखंच व्होल्टेज देऊ शकला तरी शक्ती साधारण १०७ मिलिवॉटच होते. एचडी ६५० ला तीही पुरून उरते, ते सोडा.

मोबाइलला लावायचा छोटा डोंगल १ व्होल्ट देत असेल, तर एचडी ६५० त्यावर शिखराला १०३ डेसिबल देतो. संगीताची सरासरी पातळी शिखरापेक्षा बहुधा १५-२० डेसिबल खाली असते. म्हणजे सरासरी ८५ च्या आसपास, आणि तासन्‌तास ऐकायला तेवढंसुद्धा जास्तच आहे. फार हळू पातळीवर मुद्रित झालेले आलाप ऐकणाऱ्याला थोडी ओढाताण जाणवेल. बाकीच्यांनी अ‍ॅम्पचे पैसे खिशात ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा आकडा अ‍ॅम्पचा: आउटपुट इम्पिडन्स. अ‍ॅम्पच्या आत जणू एक छोटा रोधक बसलेला असतो आणि व्होल्टेज तो आणि हेडफोन यांच्यात वाटलं जातं. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या फ्रिक्वेन्सीला सारखा असता तर फक्त आवाज थोडा कमी झाला असता. पण साध्या डायनॅमिक हेडफोनचा इम्पिडन्स बेसमध्ये एका ठिकाणी फुगतो. ३०० चा ५०० ओहमपर्यंत चढतो असं धरा. आयईसी ६१९३८ या मानकात एके काळी १२० ओहमचा स्रोत सुचवलेला होता. तसा स्रोत लावला तर त्या फुगवट्याजवळचा आवाज बाकीच्यापेक्षा सुमारे १ डेसिबलने वर येतो. यालाच कुणी 'उबदार अ‍ॅम्प' म्हणतो! कानात घालायच्या, बॅलन्स्ड आर्मेचरवाल्या इअरफोनचं प्रकरण याहून वाईट. इम्पिडन्स १० ते ४० ओहम असा हलत असेल आणि अ‍ॅम्पचा १० ओहम असेल, तर ४ डेसिबलची उलथापालथ होते. प्लेनरचा इम्पिडन्स जवळपास सपाट असल्याने तो यातून सुटतो. ढोबळ नियम: अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या आठव्या भागाहून कमी असावा.

उलट टोकही लक्षात ठेवा. अतिसंवेदनशील इअरफोनला दणकट अ‍ॅम्प लावला की मागे सूंऽऽ असा आवाज राहतो. शिवाय व्हॉल्यूमची खुंटी अगदी सुरुवातीला ठेवावी लागते, आणि तिथे साध्या पोटेन्शिओमीटरचे डावे-उजवे भाग नीट जुळत नाहीत. आवाज एका कानाकडे कलतो.

हे दोन्ही आकडे जमले, तरी एक अ‍ॅम्प दुसऱ्यापेक्षा 'चांगला वाजतो' असा दावा उरतोच. आता तो प्रयोगाचा विषय झाला. सगळ्यात मोठा चकवा पातळीचा असतो. अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'छान' वाटतो. म्हणून ३०० हर्ट्झचा सूर लावा, हेडफोन जोडलेला ठेवून मल्टिमीटरने दोन्ही अ‍ॅम्पचं व्होल्टेज मोजा आणि ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे साधारण सव्वा टक्क्याच्या आत जुळवा. मग मित्राला नाणं उडवून तारा बदलायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा. सोळा फेऱ्या ठरवल्यात तर सोळाच करा. बारा किंवा जास्त बरोबर आल्या, तर नुसत्या अंदाजाने असं घडण्याची शक्यता ३.८ टक्के. नवव्या फेरीला आठ बरोबर आले म्हणून तिथेच थांबलात, तर हा टक्का लागू राहत नाही. हे अ‍ॅम्पपेक्षा तुमच्या प्रबंधाला जास्त उपयोगी पडेल.

हेडफोनची अशी चाचणी अवघड असते, कारण डोक्यावरचं वजन आणि दाब लगेच ओळखू येतो. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हार्मनमध्ये यावर युक्ती काढली. एकाच हेडफोनवर इक्वलायझरने बाकीच्या हेडफोनचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स उभा करायचा आणि ऐकणाऱ्याला तेच ऐकवायचं. किमतीबद्दल म्हणाल तर येरून ब्रेबार्ट यांचा २०१७ चा छोटा निबंध वाचाच. २८३ हेडफोन मोजून त्यांना फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांत संबंध सापडला नाही. याचा अर्थ महाग हेडफोन वाईट असा नव्हे. टिकाऊपणा, आराम, सुटे भाग मिळणं यांनाही किंमत असतेच. फक्त किमतीवरून आवाजाचा अंदाज बांधू नका.

तेव्हा पैसे हेडफोनवर घाला, तो डोक्यावर तासभर घालून बघा, आणि मग वरची आकडेमोड करून गरज निघाली तरच अ‍ॅम्प घ्या. खोलीत दुसरं कुणी बसत असेल तर मागून उघडा हेडफोन टाळा, त्याचा आवाज बाहेर येतो.

दणकट अ‍ॅम्प घेतलाच, तर एक हिशेब जवळ ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९२ वर अडीच तास उरतात. १०१ वर आख्ख्या आठवड्यात एकोणीस मिनिटंसुद्धा नाहीत.

प्रयोगासाठी वापरणार असाल तर मेथड्समध्ये हेडफोनचं मॉडेल, अ‍ॅम्प, पातळी आणि ती कशी मोजली, हे चारही लिहा. कुशन बदलल्याची तारीखही वहीत टाका. कुशन दबली की बेस बदलतो, आणि मार्चमधला डेटा ऑगस्टशी का जुळत नाही हे शोधताना ती तारीख लागते.