ताणकाट्याची सुई आणि उरलेली अर्धी ऊर्जा

रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला चार किलोचा गठ्ठा अडकवून एकदम सोडला, तर सुई आधी जवळजवळ आठावर जाते आणि मग वरखाली होत होत चारावर स्थिरावते. काटा बिघडलेला नसतो. स्प्रिंगमधल्या ऊर्जेविषयीचा सगळ्यात चिवट गैरसमज या सुईकडे नीट पाहिलं की सुटतो.

गैरसमज असा, की वजन खाली येताना जेवढी स्थितिज ऊर्जा गमावतं, तेवढी सगळी स्प्रिंगमध्ये साठते. आकडेच मांडू. स्प्रिंगचा स्थिरांक मीटरला १०० न्यूटन, वजन १ किलोचं, गुरुत्वत्वरण सोयीसाठी १०. स्प्रिंग १० सेंटिमीटर ताणली की तिची ओढ आणि गुरुत्वाची ओढ बरोबरीत येतात. तिथवर वजनानं १ ज्यूल गमावलेला असतो, पण स्प्रिंगमध्ये साठलेला असतो अर्धाच. मग उरलेला अर्धा कुठे जातो? वजन हातावर तोलत हळूहळू खाली आणलं, तर तो अर्धा ज्यूल हाताकडे जातो. वजन एकदम सोडून दिलं, तर १० सेंटिमीटरवर पोचताना तो वजनाच्या वेगात असतो. म्हणून तर वजन तिथे न थांबता २० सेंटिमीटरपर्यंत उतरतं. तळाशी वेग शून्य. गमावलेले २ ज्यूल, स्प्रिंगमध्येही २ ज्यूल. हिशेब फक्त इथे जुळतो, पण इथे स्प्रिंग २० न्यूटननं वर ओढत असल्यामुळे वजन टिकत नाही. पुढे हवेचा विरोध आणि धातूतलं अंतर्गत घर्षण झोके कमी करत जातात, आणि वजन स्थिरावेपर्यंत तो अर्धा ज्यूल उष्णता होऊन निघून जातो.

‘दुप्पट ताणलं की दुप्पट ऊर्जा’ हा गैरसमज याच्याच जोडीचा. रॉबर्ट हूकनं १६७८ साली मांडलेला नियम बलाबद्दल आहे: ताण दुप्पट, तर बल दुप्पट. ऊर्जा मात्र ताणाच्या वर्गाच्या पटीत वाढते. आपल्या स्प्रिंगला पहिले १० सेंटिमीटर ताणायला अर्धा ज्यूल पुरतो, पुढच्या १० ला दीड लागतो, कारण आता स्प्रिंग सुरुवातीपासूनच जोरानं ओढत असते. दाबलेल्या स्प्रिंगची ऊर्जाही धनच असते. वर्गात उणे चिन्ह उरत नाही.

‘कडक स्प्रिंग जास्त ऊर्जा साठवते’ हे अर्धंच खरं. दोन्ही स्प्रिंगा सारख्याच ताणल्या तर ते बरोबर आहे. पण दोन्हींना सारखंच वजन टांगून स्थिर होऊ दिलं, तर २०० च्या स्प्रिंगमध्ये पाव ज्यूल आणि १०० च्या नरम स्प्रिंगमध्ये अर्धा. नरम स्प्रिंग जास्त लांबते, आणि वर्ग त्या लांबण्याचा होतो.

विद्यार्थी हमखास अडखळतात ते ‘समतोल स्थितीत स्प्रिंगची ऊर्जा शून्य’ या वाक्यावर. गुळगुळीत आडव्या पृष्ठभागावर ते खरं आहे. टांगलेल्या वजनाच्या बाबतीत समतोल बिंदूवर वेग सगळ्यात जास्त असतो खरा, पण स्प्रिंग तिथेही ताणलेलीच असते. समतोलापासून अंतर मोजून येणारी ऊर्जा ही स्प्रिंग आणि गुरुत्व यांची एकत्रित असते. म्हणून त्या पद्धतीनं गणित सोडवताना गुरुत्वाची ऊर्जा पुन्हा वेगळी मिळवायची नाही. ती मिळवली की उत्तर चुकतं, आणि चूक कुठे झाली हे सूत्राकडे कितीही पाहिलं तरी सापडत नाही.