फाजची पारख

महाशिवरात्रीला कोकणातल्या कुणकेश्वरच्या देवळापासून पुळणीपर्यंत भाविकांची दाटी होते. त्याहून मोठी दाटी पाण्यात असते: तिथल्यासारख्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात पाण्याच्या एका मिलीलिटरमध्ये साधारण कोटीभर विषाणू असतात. त्यांतले बहुसंख्य माणसाच्या वाटेला जात नाहीत. जीवाणूंनाच गाठून फोडतात. हेच बॅक्टेरिओफाज, थोडक्यात फाज.

1917 मध्ये फेलिक्स द'हेरेल यांनी त्यांना हे नाव दिले. पुढे प्रतिजैविके आली आणि बहुतेक जगाने फाजकडे पाठ फिरवली. जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या इलियावा संस्थेने मात्र हे उपचार जपले. आज क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारखे जीवाणू शेवटच्या फळीतल्या औषधांनाही जुमानत नाहीत, तेव्हा फाजची पुन्हा आठवण झाली आहे. 2016 मध्ये सॅन दिएगोत मरणपंथाला लागलेले टॉम पॅटरसन फाजमुळे वाचले.

फाज शोधायला रुग्णालयाचे सांडपाणी उत्तम: जिथे रोगजंतू, तिथे त्याचा भक्षक. 0.22 मायक्रॉनच्या गाळणीत जीवाणू अडकतात, फाज पार होतात. गाळलेले पाणी आणि रुग्णाकडून मिळालेला चिवट जीवाणू पातळ अगारमध्ये (जेलीसारख्या माध्यमात) मिसळून बशीतल्या घट्ट अगारवर ओततात. रात्रभरात जीवाणूंची साय धरते. फाजने मारलेल्या जागी स्वच्छ ठिपके उरतात. त्यांना प्लाक म्हणतात. एक प्लाक उचलून पुन्हा वाढवायचा, असे निदान तीनदा केले की एकाच वंशाचे फाज हाती लागतात.

खरी पारख यानंतर सुरू होते. हा फाज त्या जीवाणूच्या किती वाणांना मारतो? पेशीला चिकटल्यापासून ती फुटेपर्यंत किती मिनिटे लागतात, एका पेशीतून किती नवे फाज निघतात? उष्णता आणि आम्लता तो सोसतो का? शेवटी जनुकक्रम वाचतात. जीवाणूच्या जनुकांत दडून बसण्याची सोय, विषाचे जनुक किंवा औषधप्रतिकाराचे जनुक, यांपैकी काही आढळले तर कितीही मारक फाज उपचारातून बाद. नाहीतर ज्याला मारायला पाठवला, त्यालाच तो बळ देईल.

फाज फार निवडक असतात, आणि जीवाणूही त्यांना चुकवायला शिकतात. म्हणून वेगवेगळ्या जागी चिकटणारे फाज एकत्र करून देतात. पण तिबिलिसीतले मिश्रण कोकणातल्या रुग्णाच्या जीवाणूवर चालेलच, असे नाही. आपल्या रुग्णालयांतले जीवाणू आणि आपल्या पाण्यातले फाज यांची एकमेकांशी गाठ घालून नोंद ठेवणारा संग्रह इथेच उभा राहायला हवा. फाज फुकट मिळतो. त्याला औषध करणारी पारख मात्र माणसे, प्रयोगशाळा आणि वर्षानुवर्षांचा पैसा मागते. तो खर्च आजच करायला हवा.