यंत्रामागील माणूस : मेंदू-संशोधनातील पदे व पीएच.डी.चे अर्थसाहाय्य

संशोधनासाठी दिलेल्या देणगीचा मोठा भाग वेतनावरच का खर्च होतो, हा प्रश्न देणगीदारांकडून वारंवार विचारला जातो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला तो रास्तच वाटतो. यंत्र मालमत्तेच्या बाजूस दिसते, त्यावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. वेतन मात्र वर्षअखेरीस खर्चात विरून जाते. म्हणूनच या खर्चाचा थोडा खुलासा करणे उचित ठरेल.

पक्षाघातानंतर एखाद्या रुग्णास समोरची वाटी ओळखता येते, परंतु तिचे नाव ओठांवर येत नाही. स्मृती, भाषा, अवधान यांसारख्या क्रिया मेंदूत कशा घडतात, याचा अभ्यास म्हणजे संज्ञानात्मक मेंदूविज्ञान. फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ साली वाचा गमावलेल्या रुग्णाच्या मेंदूतील इजेचे स्थान दाखवून दिले. आज एमआरआय व ईईजी यांमुळे जिवंत, कार्यरत मेंदूचा अभ्यास शक्य झाला आहे. तरीही रुग्णाजवळ तासन्‌तास बसून चाचणी घेणे, नोंदी करणे व त्यांचे विश्लेषण करणे हे काम प्रकल्प साहाय्यक आणि पीएच.डी.चे विद्यार्थीच करतात.

त्यांचे महत्त्व एका उदाहरणावरून ध्यानात येईल. स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तयार केलेला चाचणीसंच प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित झाला. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती. अशा चाचणीचे केवळ भाषांतर पुरत नाही. शिकलेल्या व निरक्षर अशा दोन्ही प्रकारच्या वृद्धांवर ती पारखून घ्यावी लागते. अन्यथा अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंना विनाकारण स्मृतिभ्रंशाचे रुग्ण ठरविले जाण्याचा धोका असतो.

आता हिशेबाकडे वळू. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे, प्रगती समाधानकारक असल्यास, ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षांची ही रक्कम २४ लाख रुपये होते. प्रकल्पावरील पदाची गोष्ट निराळी. अनुदान बहुधा तीन वर्षांचे असते आणि ते संपताच पदही संपते. पीएच.डी.ला मात्र पाच वर्षे सहज लागतात. या मधल्या काळात आधार नसल्यास कुशल विद्यार्थी दुसरी नोकरी पत्करतो आणि रुग्णांची पुढील तपासणी अर्धवट राहते.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या पालकांसाठी थोडी माहिती. मानसशास्त्र, जीवशास्त्र, वाचाोपचार, भौतिकशास्त्र व संगणकशास्त्र अशा विविध शाखांतून येथे प्रवेश करता येतो. बंगळुरूची निमहान्स, हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र व अलाहाबाद विद्यापीठाचे वर्तन व संज्ञानविषयक केंद्र ही प्रमुख ठिकाणे होत. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००८ साली संज्ञानविज्ञानासाठी स्वतंत्र योजनाही सुरू केली. प्रवेश घेण्यापूर्वी अर्थसाहाय्य किती वर्षांचे आहे व ते विद्यार्थ्याच्या नावे आहे की प्रकल्पाच्या, हे अवश्य विचारावे.

खासगी दानाचे मोल येथेच आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्रास प्रतीक्षा ट्रस्टने २२५ कोटी रुपयांचे साहाय्य दिले. या केंद्राने कर्नाटकातील श्रीनिवासपूर परिसरातील ग्रामस्थांच्या वृद्धत्वाचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. एवढी रक्कम सर्वांच्या आवाक्यातील नव्हे. परंतु अनुदान संपल्यावर एका संशोधकास आणखी एक वर्ष टिकवून ठेवण्यास, वरील दराने व भत्ता वगळता, ५,०४,००० रुपये लागतात. काही दात्यांनी एकत्र येऊन पेलावी अशी ही रक्कम आहे. तिच्यावर नावाची पाटी लागणार नाही. मात्र अर्धवट राहू पाहणारा अभ्यास तिच्यामुळे पूर्णत्वास जाईल. वेतनाच्या रकान्याकडे देणगीदारांनी या दृष्टीने पाहावे, ही नम्र विनंती.