मोटार घरची, गुंता तारांचा

इंजिन जागेवर बसले, चाके फिरू लागली, स्टिअरिंग हाती आले, की मोटार तयार झाली असे वाटू लागते. ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजमध्ये मोटार बांधणाऱ्या हौशी मंडळींची खरी कसोटी मात्र त्यानंतर लागते. दिवे, हॉर्न, वायपर, रेडिएटरचा पंखा आणि इंडिकेटर यांना वीज पुरविणाऱ्या तारांचे जाळे त्यांना स्वतःच विणावे लागते. त्यातील एक चूक मोटार पेटविण्यास पुरेशी ठरते.

ही हौस तेथे जुनी आहे. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये आणलेली ‘सेव्हन’ ही मोटार सुट्या भागांच्या रूपातही मिळत असे आणि त्यामुळे खरेदी कर वाचत असे. १९७३ मध्ये तिच्या उत्पादनाचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. अशा स्वनिर्मित मोटारींना आता रस्त्यावर येण्यापूर्वी वैयक्तिक मान्यतेची चाचणी द्यावी लागते. २००९ पासून लागू झालेल्या या चाचणीत दिवे, हॉर्न, वायपर यांचीही तपासणी होते.

वीजव्यवस्थेचा पहिला नियम फ्यूजचा आहे. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. त्याचे मुख्य काम तारेचे रक्षण करणे हे असते. पुढचे ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. त्यासाठी १५ अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो आणि तार त्याहून अधिक प्रवाह सहज पेलणारी हवी. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी ३० अँपिअरचा बसविला, तर दोष तसाच राहतो आणि तारच फ्यूजचे काम करू लागते. शॉर्टसर्किट झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. त्यामुळेच फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ असावा. त्याच्या अलीकडील तारेला कोणतेही संरक्षण नसते.

दुसरा नियम रिलेचा. दिव्यांचा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरील स्विचमधून नेला, तर स्विच तापतो आणि तारेची लांबीही वाढते. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या पाच मीटर तारेत ९ अँपिअर प्रवाहाला सुमारे पाऊण व्होल्टची घट होते. एवढ्याने दिव्याचा प्रकाश जवळपास पाचव्या हिश्शाने कमी होतो. रिले दिव्यांजवळ बसविल्यास स्विचला केवळ त्यातील कॉइलपुरता क्षीण प्रवाह सांभाळावा लागतो. रिलेवरील ८५ आणि ८६ ही टोके कॉइलची असतात. ३० वर बॅटरीकडून वीज येते आणि ८७ मधून ती दिव्याकडे जाते.

सर्वाधिक डोकेदुखी होते ती अर्थिंगची. पत्र्याच्या मोटारीत सांगाडाच परतीच्या तारेचे काम करतो. घरी बांधलेल्या अनेक मोटारींची बॉडी मात्र फायबर ग्लासची असते आणि तिच्यातून वीज वाहत नाही. त्यामुळे प्रत्येक दिव्यापासून चासीपर्यंत स्वतंत्र तार न्यावी लागते. चासीवरील रंगही त्या जागी खरवडावा लागतो. इंडिकेटर लावताच ब्रेकचा दिवाही मंद लुकलुकू लागला, तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंग तपासावे. नेहमीची वाट बंद झाल्याने प्रवाहाने शेजारच्या दिव्यातून आडवाट शोधलेली असते.

कोणते उपकरण किल्लीवर चालावे, हेही आधीच ठरवावे लागते. धोक्याचे इंडिकेटर किल्ली काढल्यावरही चालले पाहिजेत. वायपर आणि हीटरचा पंखा किल्लीसोबत बंद झालेले बरे. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी ५० मिलिअँपिअरच्या छुप्या गळतीनेही महिना-सव्वा महिन्यात रिकामी होऊ शकते.

पत्र्याच्या छिद्रातून तार नेताना रबरी ग्रोमेट हवेच. एरवी धावत्या गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याची कड तारेचे आवरण कापते. बॅटरी प्रथमच जोडताना एक सोपी युक्ती उपयोगी पडते. सर्व स्विच बंद ठेवून बॅटरी आणि मुख्य तार यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब जोडावा. कुठे शॉर्टसर्किट असेल, तर बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटतो आणि तार वाचते.

भारतात घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणणे सोपे नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाच्या नमुन्याला पुण्यातील एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेची मान्यता लागते. तरीही हे नियम येथील मोटारमालकांच्याही कामाचे आहेत. जादा हॉर्न, फॉग लाइट किंवा म्युझिक सिस्टिम बसविताना मूळ तारेचे आवरण सोलून तिथेच जोड मारून दिला जातो. त्या वेळी ‘फ्यूज कुठे बसवला आणि तो किती अँपिअरचा?’ एवढे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही, तर गाडीची किल्ली कारागिराच्या हाती देण्याची घाई करू नये.