स्वनिर्देशित निवृत्तिखाते : स्वातंत्र्य आणि मर्यादा

आपल्या सभासद-कुटुंबांतील कित्येक मुलेमुली आज अमेरिकेत नोकरीस आहेत. गेल्या उन्हाळी सुट्टीत माझा असाच एक माजी विद्यार्थी बेळगावास आला होता. बोलण्याच्या ओघात म्हणाला, "सर, निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांतून तिथेच एक लहानसे घर घ्यावे म्हणतो. एरवी भाड्याने देईन, आणि आई-वडील येतील तेव्हा ते त्यात राहतील." हेतू निर्मळ होता, परंतु बेत तसाच अमलात आला असता, तर त्याची पंधरा वर्षांची शिल्लक धोक्यात आली असती. ते कसे, हे येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

अमेरिकेत १९७४ साली झालेल्या कायद्याने व्यक्तिगत निवृत्तिखात्याची सोय झाली. त्यास तिकडे 'आय. आर. ए.' म्हणतात. आपल्याकडील भविष्य निर्वाह निधी नोकरीशी बांधलेला असतो. हे खाते मात्र कमावती व्यक्ती स्वतः उघडते. २०२५ साली त्यात भरावयाच्या रकमेची मर्यादा ७,००० डॉलर होती, पन्नाशी गाठलेल्यांस आणखी १,००० डॉलर. शिवाय नोकरी सोडल्यावर तेथील निवृत्तिनिधीही सामान्यतः या खात्यात वळवता येतो. त्यामुळे शिल्लक बरीच मोठी होऊ शकते. याच्या पारंपरिक प्रकारात काही अटींवर भरलेल्या रकमेवर करसवलत मिळते, व कर पैसे काढताना द्यावा लागतो. वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांपूर्वी पैसे काढल्यास, काही अपवाद वगळता, कराखेरीज शेकडा १० दंडही पडतो.

बहुतेक खातेदार हे पैसे शेअर, रोखे किंवा म्युच्युअल फंड यांत ठेवतात. 'स्वनिर्देशित' खात्यात निवडीचे क्षेत्र वाढते. घर, जमीन, खाजगी कंपनीतील भाग, तारणावर दिलेले कर्ज, ठरावीक शुद्धतेचे सोने, इत्यादी मार्ग मोकळे होतात. यांनाच पर्यायी गुंतवणूक म्हणतात. आयुर्विमा आणि चित्रे, पुराणवस्तू, तिकिटे यांसारख्या संग्राह्य वस्तू मात्र वर्ज्य आहेत.

आता मुख्य मुद्दा. ट्रस्टच्या निधीतून विश्वस्ताने स्वतःची सोय पाहू नये, हे आपणांस सांगावयास नको. या खात्याचा न्यायही तोच आहे. खातेदार, त्याची पत्नी वा पती, आई-वडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे, आणि मुला-नातवंडांचे जोडीदार यांनी खात्याच्या मालमत्तेशी खरेदी-विक्री करू नये, तीवर कर्ज घेऊ नये, तिचा उपभोग घेऊ नये. घराचे भाडे खात्यातच जमा झाले पाहिजे, आणि छप्पर गळाले तर दुरुस्तीचा खर्चही खात्यातूनच झाला पाहिजे. आई-वडिलांनी त्या घरात आठ दिवस मुक्काम केला तरी नियमभंग होतो. मग त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून खाते निवृत्तिखाते राहत नाही. सारी रक्कम काढून घेतली असे धरून कर, आणि वय कमी असल्यास दंडही, आकारला जातो.

जिन्नस आपल्या ताब्यात ठेवणेही असेच अंगाशी येते. २०२१ साली तेथील कर-न्यायालयापुढे एक प्रकरण आले. खात्याच्या पैशांतून, एका कंपनीमार्फत घेतलेली सोन्याची नाणी खातेदार बाईंनी आपल्या घरी ठेवली होती. नाण्यांची किंमत त्यांनी काढूनच घेतली, असा निर्णय झाला.

दुसरा धोका फसवणुकीचा. खाते सांभाळणारी संस्था, म्हणजे कस्टोडियन, नोंदी ठेवते व हिशेब पाठवते; गुंतवणूक खरी की खोटी, हे ती बहुधा तपासत नाही. पत्रकावर छापलेली किंमतही पुष्कळदा विकणाऱ्यानेच सांगितलेली असते. याच गैरसमजाचा ठक लोक फायदा घेतात, असा इशारा अमेरिकेच्या रोखे-नियामक आयोगाने २०११ साली दिला होता.

तिसरी अडचण रोकडीची. २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे पारंपरिक खात्यातून ७३ व्या वर्षापासून दरसाल ठरावीक रक्कम काढावी लागते. सारा पैसा घरात अडकला असेल, तर एक खोली विकून ती रक्कम उभी करता येत नाही.

म्हणून मुलांचे असे पत्र वा फोन आल्यास वडीलधाऱ्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : या मालमत्तेचा उपभोग आपल्यापैकी कोणी घेणार नाही ना? तिची किंमत त्रयस्थाने तपासली आहे काय? गरजेच्या वेळी रोकड कोठून येईल? शेवटचा सल्ला तेथील जाणत्या कर-सल्लागाराचाच घ्यावा.

माझ्या विद्यार्थ्याने तसा सल्ला घेतला आणि बेत बदलला. घर तो घेणारच आहे, पण पगारातून, खात्याला हात न लावता. दोन-तीन वर्षे उशीर होईल. परंतु त्या घरात आई-वडिलांना निर्धास्तपणे राहता येईल.